चिठ्ठीला टाचलेलं टोक

छातीवर रिबनी लावलेला माणूस दिसला की मी आधी त्याचा चेहरा बघत नाही, रिबनी बघते. वाईट सवय आहे, पण एकतीस वर्षांची आहे. छावणीच्या बाजारात आमचं एवढंसं दुकान. फौजींच्या मेडलच्या रिबनी कापून पट्टीवर ओळीनं बसवून द्यायच्या, नावाच्या पाट्या करायच्या, बाहीवरच्या फिती शिवायच्या, एवढाच धंदा. सासऱ्यांनी सुरू केला. मुलाला सुई धरता येईना म्हणून सुनेला शिकवला. तो मुलगा म्हणजे आमचे हे, मधुसूदन. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले, आणि आता दुकानाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून देशाचं रक्षण करतात. मोबाइलवर.

सासऱ्यांनी दुकानाला एक नियम घालून दिला होता. फौजीला विचारायचं नाही की तू कुठे होतास, काय केलंस, पुरावा दाखव. कोणकोणत्या रिबनी हव्यात ते त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि आपण तेवढ्या शिवायच्या. काम झालं की प्रत्येक रिबनीचं उरलेलं टोक त्याच चिठ्ठीला टाचणीनं टाचायचं आणि चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात टाकायची. ते म्हणायचे, "उद्या वाद झाला तर त्याचं अक्षर आणि आपलं टोक, दोन्ही समोरासमोर ठेवायचं." त्यांच्या हयातीत वाद कधी झाला नाही. तो माझ्याच वाट्याला यायचा होता.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि बिडकीनकडून गोकुळ तांगडे उभे राहिले. निवृत्त नायब सुभेदार. पैठण रस्त्यानं जावं तिकडे त्यांचे फ्लेक्स. अंगात निळा कोट, छातीवर रिबनींची पट्टी, हात सलामीला, आणि खाली लिहिलेलं, 'देशासाठी लढला, आता तुमच्यासाठी लढणार'. समोर शिवराजदादा, जुने सदस्य, आणि आमचे हे शिवराजदादांच्या पक्षाचे. म्हणजे पक्षाला ह्यांचं नावही माहीत नसेल, पण हे पक्षाचे.

त्या आठवड्यात ह्यांच्या ग्रुपवर जे चाललं होतं ते वाचून वाटावं, निवडणूक जिल्हा परिषदेची नसून सरसेनापतीच्या जागेची आहे. एकानं लिहावं, तुमच्या नेत्यानं शाळेत एनसीसीची टोपी तरी घातली होती का? दुसऱ्यानं लिहावं, आमच्या दादांचे आजोबा मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढले, घरात सन्मानपत्र आहे. लगेच तिसरा, सन्मानपत्र कुठल्या टेबलाखालून आलं तेही सांगा, आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. मग गाडी थेट दिल्लीला. कुणाचा मुलगा सैन्यात, कुणाचा परदेशात, कोण सीमेवर फक्त फोटो काढायला गेला. ज्यांनी गणपतीच्या मिरवणुकीपलीकडे कधी कूच केली नाही ते एकमेकांना रणांगण शिकवत होते. बिडकीनच्या पाण्याबद्दल किंवा रस्त्याबद्दल एक ओळ कुणी लिहिली नाही.

मग एका दुपारी हे खुर्चीतून जवळजवळ उडालेच.

"सापडला! अगं, चोर सापडला!"

कुणा निवृत्त कॅप्टननं तो फ्लेक्सवरचा फोटो मोठा करून, एका रिबनीभोवती लाल गोल काढून पाठवला होता. कारगिलच्या वेळी दोन रिबनी निघाल्या होत्या. प्रत्यक्ष लढाईच्या भागात जे होते त्यांना स्टार, आणि सीमेवर दुसरीकडे जे तैनात होते त्यांना मेडल. दोन्ही मानाच्याच, पण एक दुसरी नव्हे. तांगडेंच्या छातीवर स्टारची रिबन होती. आणि कॅप्टनचं म्हणणं, तांगडेंची पलटण तेव्हा राजस्थानात होती, कारगिलच्या आसपाससुद्धा नव्हती.

तासाभरात 'तोतया फौजी' असं सगळीकडे झालं, तांगडेंच्या घराच्या दारावरसुद्धा कुणीतरी तेच लिहून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. मला वाचून संताप आला, खोटं कशाला बोलू? मेलेल्या पोरांची रिबन छातीवर लावून मतं मागायची, यापरीस भीक मागावी.

"आणि गंमत माहितीये का," हे म्हणाले, "ही पट्टी आपल्याच दुकानात झालीय. ऑगस्टात. मी इथेच बसलो होतो. चिठ्ठी असेल ना डब्यात? त्याच्या अक्षरात 'स्टार' लिहिलेलं असणार. संपला गडी!"

"बघते," मी म्हटलं.

"बघते काय, आत्ता काढ."

"हातात काम आहे."

खरं तर हातात काही नव्हतं. ह्यांची घाई मला आवडली नाही, एवढंच. लग्नाला अडतीस वर्षं झाली, भाजी आणायला सांगितली तर चार वेळा सांगावं लागतं, आणि आज हा माणूस स्टुलावर चढून डबा काढायला निघाला होता. "कुणाला सांगितलंत का?" मी विचारलं. हे मोबाइलकडे बघत म्हणाले, "ऋतुराजला फक्त." ऋतुराज म्हणजे शिवराजदादांचं प्रचाराचं सगळं सांभाळणारा. म्हणजे सगळ्यांना सांगून झालं होतं.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना डब्याची किल्ली मी कनवटीला लावली. स्वतःच्या नवऱ्यापासून किल्ली लपवताना बरं वाटत नव्हतं. पण त्याहून एक वेगळीच गोष्ट मनात कुरतडायला लागली होती. ऑगस्ट. ऑगस्टात माझा उजवा डोळा कसा होता, ते मला आणि ह्यांनाच ठाऊक होतं. मोतीबिंदू पिकलेला, आणि डावा तर आधीपासूनच मंद. ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. तोवर चार महिने मी रिबनी रंगावरून ओळखतच नव्हते, जागेवरून ओळखत होते. कुठलं रीळ कुठल्या खणात, ते हाताला पाठ होतं. गिऱ्हाइकाला कळू दिलं नाही. जिला दिसत नाही तिच्याकडे कोण कशाला रिबनी देईल?

दुसऱ्या दिवशी ह्यांची आंघोळ व्हायच्या आत मी दुकान उघडलं आणि डबा काढला. ऑगस्टचा गठ्ठा. तांगडेंची चिठ्ठी सापडायला वेळ लागला नाही. निळ्या शाईत, शाळकरी पोरासारखं गोल अक्षर, सहा रिबनींची नावं. चौथ्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं, मेडल. आणि चिठ्ठीला टाचलेलं चौथं टोक होतं स्टारचं.

मी ते टोक उजेडात नेऊन पाहिलं, परत पाहिलं. मग खण उघडले. दोन्ही रिळं आता आपापल्या जागी होती, कारण ऑपरेशननंतर मीच सगळे खण लावले होते. तेव्हा ही दोन उलटी सापडली होती, हेही आठवलं. कालपासून ज्याला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते त्यानं खरं लिहून दिलं होतं. खोटं मी शिवलं होतं.

पण माझा स्वभावच मेला संशयी. पाच मिनिटं रडू आलं, आणि सहाव्या मिनिटाला दुसरं मनात आलं. मला दिसत नव्हतं, ठीक. पण तांगडेंना तर दिसत होतं ना? फौजीला स्वतःच्या रिबनी कळणार नाहीत? बायको ओळखायला चुकेल, रिबन ओळखायला चुकणार नाही. पंधरा ऑगस्टला लावली, फोटो काढला, फ्लेक्स केला, सहा महिने गावोगाव मिरवली. एकदाही दिसली नाही? त्या दिवशी दुकानात मी पट्टी कागदात गुंडाळून दिली आणि त्यांनी ती न बघताच खिशात घातली, एवढं मला आठवत होतं. पण घरी जाऊन तर उघडली असेल.

अकराच्या सुमारास ऋतुराज आला. पांढरा कडक शर्ट, गळ्यात पक्षाचं उपरणं, हातात पेढ्यांचा पुडा.

"काकू, लई दिवसांनी आलो. तब्येत बरीय ना?"

तो आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

"ती चिठ्ठी तेवढी द्या, काकू. तुमचं नाव कुठंच येणार नाय, माझा शब्द हाय. फोटो काढतो अन् परत देतो."

"ऑगस्टच्या गठ्ठ्याला वाळवी लागली," मी म्हटलं. "कालच फेकला."

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. ऋतुराज माझ्याकडे बघत होता, मग डब्याकडे, मग ह्यांच्याकडे. पत्र्याच्या डब्याला वाळवी लागत नाही, हे त्याला कळायला फार शिक्षण लागणार नव्हतं.

"वाळवी का?" तो म्हणाला. "बरं. त्यांची माणसं येऊन गेली वाटतं आमच्या आधी." आणि पेढे तिथंच ठेवून गेला. मी पुडा उघडला नाही. हो, त्याचाही संशय आला.

तो गेल्यावर मी चिठ्ठी ह्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून ह्यांनी वाचली, टोक पाहिलं. रिबनी शिवता येत नसल्या तरी ओळखता येतात ह्यांना, बापाच्या दुकानात वाढलेले. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"फाडून टाक," हे हळूच म्हणाले.

"काल तर हवी होती."

"काल ती त्याच्याविरुद्ध होती. अगं, बाहेर कळलं तर छावणीत कोण उभं करील तुला? बाबांच्या दुकानाचं नाव जाईल. त्याचं काय, निवडणूक आहे, आरोप होतातच. चार दिवसांत लोक विसरतील."

"लोक विसरतील. त्यांच्या दारावर लिहिलेलं कोण पुसेल?"

मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली, रिक्षानं बसस्टँड गाठलं आणि पैठणच्या गाडीत बसले. सगळा रस्ताभर फ्लेक्सवरून तांगडे मला सलाम करत होते. दोनचार फ्लेक्सवर कुणीतरी काळं फासलेलं होतं.

बिडकीनला घर विचारावं लागलं नाही. नाव काढताच लोक हसत होते. ओसरीत तांगडेंची आई, आवडाबाई, मटकी निवडत बसली होती. मी छावणीतल्या रिबनीच्या दुकानातली म्हटल्यावर म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"माझा गोकुळ चोवीस वर्स सीमेवर व्हता," ती म्हणाली. "शेताचं तोंड नाय पाह्यलं त्यानं. अन् आता लोक म्हणत्यात खोटा व्हय. बाई, तूच काय दिलं त्याला शिवून?"

तेवढ्यात तांगडे आतून आले. फ्लेक्सवर दिसतात त्याहून बारीक, दाढी वाढलेली. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि एका दमात सांगून टाकलं. डोळा, खण, रिळं, सगळं. वाटलं होतं, आता हा माणूस चिडेल, नाहीतर सुटलो म्हणून आनंदानं ओरडेल. त्यानं दोन्ही केलं नाही. टाचलेलं टोक अंगठ्यानं नुसतं चाचपत उभा राहिला. तिथंच माझा संशय पक्का झाला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी आईकडे बघितलं. म्हातारी सूप उचलून आत गेली. फौजीच्या आईला न सांगता कळतं.

"पैल्याच दिवशी दिसली, ताई," तांगडे म्हणाले. "घरी येऊन कागद सोडला अन् दिसली. म्हटलं, उद्याच जाऊन बदलून आणावी. अन् मग नाय आलो."

"का?"

ते ओसरीच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "कारगिल चालू व्हतं तेव्हा आमी राजस्थानात. हुकूम येईल म्हणून रोज वाट बघायची, अन् दारूगोळा उतरवायचा. माझ्याबरोबर धम्मपाल व्हता, शेजारच्या गावचा, एकाच भरतीतला. गोळ्याच्या पेट्यांनी भरलेला ट्रक उलटला अन् तो खाली गेला. मीच त्याला घेऊन आलो गावाकडं. त्याच हप्त्यात तालुक्यात एक जवान कारगिलहून आला. त्याला सगळा तालुका लोटला, साहेब लोक आले, शाळा सोडली. धम्मपालला चाळीस माणूस. लोक म्हणले, अॅक्सिडेंट हाय. तेव्हापासून जो भेटंल तो इचारतो, कारगिलला व्हता का? नाय म्हटलं की त्याचं तोंडच फिरतं. सव्वीस वर्स झाली."

"म्हणून धम्मपालसाठी लावलीत?"

माझ्या आवाजात कडवटपणा होता, मला ऐकू आला. त्यांनी मान हलवली.

"नाय. त्याच्या नावावर कशाला घालू? माझ्यासाठीच लावली. ती रिबन गावात कुणालाच वळखू येत नाय, मलाच येती. आरशात बघितलं अन् वाटलं, राहू द्यावी एक दिवस. एका दिवसाचे सहा महिने झाले. सुई तुमची चुकली, ताई. गप मी राहिलो."

एवढं सरळ उत्तर मी कुठल्याच पुढाऱ्याकडून ऐकलं नव्हतं. तरी मनातला एक कोपरा म्हणालाच, तुला सांगतोय कालिंदी, लोकांना सांगेल का?

आत बसलेल्या त्यांच्या कार्यकर्त्यांनी निम्मं ऐकलंच होतं. त्यांना चिठ्ठीचा वास लागला आणि घरात दिवाळी झाली. परवा बाजारतळावर सभा आहे, काकूंना स्टेजवर आणायचं, चिठ्ठी दाखवायची, 'चूक दुकानाची, सुभेदारांना पत्ताच नव्हता' म्हणायचं, विषय खलास. तांगडे खाली बघत होते. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

"मी येते," मी चिठ्ठी परत घेत म्हटलं. "पण माझं आहे तेवढंच सांगीन."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सभेच्या दिवशी मात्र मी चप्पल घालत होते तेव्हा दारात तयार होऊन उभे. म्हणाले, "बसला गर्दी असते." एवढंच.

बाजारतळ भरलेला होता. निम्मे ऐकायला आलेले, निम्मे तमाशा बघायला. कडेला ऋतुराजची माणसं मोबाइल उंच धरून उभी होती, आणि पुढे तांगडेंची माणसंही तशीच. मला माइक दिला. खाली छावणीतले दोन हवालदार दिसले, माझी जुनी गिऱ्हाइकं. त्यांना बघून बोलणं अजून अवघड झालं.

"ही चिठ्ठी सुभेदारांच्या हातची," मी म्हटलं. "यात मेडल लिहिलंय. आणि हे टोक मी शिवलेल्या रिबनीचं. हे स्टारचं आहे. तेव्हा माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता, मला धड दिसत नव्हतं आणि मी ते सगळ्यांपासून लपवलं. रिबन मी चुकवली. चूक माझी आहे."

एकदम टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी घोषणा दिली. तांगडेंना लोक उचलायलाच निघाले होते. तेवढ्यात स्टेजवरचा सूत्रसंचालन करणारा माझ्या तोंडाशी वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणजे काकू, सुभेदारांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बरोबर ना?"

नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती तर तो माणूस निवडून आला असता, आणि मीही एक दयाळू बाई म्हणून घरी गेले असते. मी तांगडेंकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या टोपीकडे बघत होते. सासऱ्यांचा नियम आठवला. फौजीचं फौजीनं सांगायचं, दुकानदारानं नाही.

"ते मी कसं सांगणार?" मी म्हटलं. "ते त्यांना विचारा." आणि माइक त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी माइक घेतला नाही. किती वेळ, कोण जाणे. हात पुढे करून माझा खांदा दुखायला लागला. मागून कुणीतरी "बोला ना सुभेदार, व्हय म्हणा," असं ओरडलं. माझ्या मनात आलं, घेणार नाही हा. पाठ फिरवेल, घोषणा सुरू होतील आणि बुडेल सगळं त्या गोंगाटात. मग त्यांनी माइक घेतला.

"रिबन मला पैल्याच दिवशी दिसली व्हती," ते म्हणाले. "मी कारगिलला नव्हतो. राजस्थानात व्हतो. बदलून आणायला पायजे व्हती, आणली नाय. बाईंची चूक डोळ्याची व्हती. माझी मनाची."

बाजारतळावर एवढी माणसं, पण टाळी एकानंही वाजवली नाही.

संध्याकाळपर्यंत दोन व्हिडिओ फिरायला लागले. एकात फक्त मी होते, 'चूक माझी आहे' इथवर, आणि वर लिहिलेलं, 'सुभेदार निर्दोष'. दुसऱ्यात फक्त ते होते, 'रिबन मला पहिल्याच दिवशी दिसली होती', आणि वर लिहिलेलं, 'तोतयाची कबुली'. ज्याला जो हवा त्यानं तो पाहिला. पहिलावाल्यांनी म्हटलं, दुसरा मशीनवर बनवलाय. दुसरावाल्यांनी म्हटलं, दुकानवाल्या म्हातारीला घरपोच काहीतरी मिळालेलं दिसतंय. ह्यांच्या ग्रुपवर ते दुसरंच आलं, माझ्या फोटोसकट. खाली हसणारी तोंडं. ज्यांना दर संक्रांतीला मी तिळगूळ देते त्यांची.

हे ते सगळं वाचत होते. मग म्हणाले, "मी सगळं काढलंय, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाठवू का?" मला ठाऊकच नव्हतं की गर्दीत उभे राहून ह्यांनी मोबाइल धरला होता. मी हो म्हटलं. ह्यांनी पूर्ण व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, 'ही माझी बायको आहे. दोघंही खरं बोललेत.' चार मिनिटांत ह्यांना ग्रुपमधून काढलं. रोज सकाळी पहिला नमस्कार ह्यांचा असायचा तिथं. हे बराच वेळ मोबाइल हातात घेऊन बसले, आणि मला ह्यांची फार दया आली.

तांगडे पडले. चांगलेच पडले. आणि दुकानात कुणी येईना. छावणीत बातमी पोचायला काय वेळ लागतो? नजर अधू असलेल्या बाईकडे कोण रिबनी देणार? मी लोकांना धरून सांगणार होते थोडीच की आता ऑपरेशन झालंय, आता सगळं लख्ख दिसतंय. एकोणीस दिवस मी सुईत दोरा ओवून बसत होते आणि संध्याकाळी तशीच टोचून ठेवत होते. ते दोन हवालदार रस्त्यानं जाताना दुसऱ्या बाजूनं जायचे. मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

विसाव्या दिवशी तांगडे आले. साधा शर्ट, पायात चपला, कुणी बरोबर नाही. मी उठून उभी राहिले. वाटलं, आता हा बोलणार, बाई, मान हलवली असती तर काय बिघडलं असतं? त्यांनी खिशातून तीच जुनी पट्टी काढून काउंटरवर ठेवली, आणि शेजारी नवी चिठ्ठी. तेच गोल अक्षर. सहा नावं, चौथं मेडल.

"हितंच करता का?" ते म्हणाले. "बसतो मी."

"दुसरीकडेही मिळतील," मी म्हटलं. अजूनही खात्री नव्हती मला, की हा कशाला आलाय.

"मिळतील की. पण चिठ्ठी तुमच्याच डब्यात हाय माझी."

ह्यांनी खुर्ची त्यांना दिली आणि चहा सांगायला स्वतः गेले. मी जुनी पट्टी उसवली. स्टारचा तुकडा सुटून आला तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितला, हात लावला नाही. मी डब्यातली जुनी चिठ्ठी काढली आणि तो तिलाच, त्या टोकाशेजारी टाचून ठेवला. मग खणातून मेडलचं रीळ काढलं, उजेडात नेऊन पाहिलं, कापलं. सहा रिबनी पट्टीवर बसवल्या. नियम मोडून एक विचारलं, "धम्मपालचं आडनाव काय?" त्यांनी सांगितलं, आणि मग काम होईपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत राहिले. कबड्डी कसा खेळायचा, पत्रात कशा चुका करायचा.

झाल्यावर मी कागद शोधला नाही. पट्टी उघडीच त्यांच्या हातात दिली.

"बघून घ्या," मी म्हटलं. "चुकलं असेल तर आत्ताच बोला."

त्यांनी खिशातून चष्मा काढून घातला. पट्टी दारात उजेडाला नेली. एकेका रिबनीवर बोट ठेवत, ओठांत पुटपुटत सहाही मोजल्या. मग पुन्हा मागे आले आणि चौथीवर थांबले.

"रिबन बरोबर हाय," ते म्हणाले. "पन जरा तिरपी बसलीय, ताई."

मी पाहिलं. खरंच तिरपी होती, दोऱ्याएवढी. एकोणीस दिवसांनी मला पहिल्यांदा बरं वाटलं. मी पट्टी परत घेतली आणि उसवायला बसले.